दिसते कधीमधी

नगरला सावेडीच्या अंगाला नव्यानं उठलेल्या त्या कॉलनीत भागूबाई काकडे राहायला आली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात तिला तिथलं एकही माणूस माणूस वाटलं नव्हतं.

त्याआधी तिनं संसार केला तो श्रीरामपूरला, बाजारपेठेमागच्या गल्लीत. तिथं मालगाडीची शिट्टी, हमालांच्या शिव्या, रविवारी चर्चची घंटा आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे समोरच्या बनुबाईचा गळा. कुणाच्या घरात काय शिजलं हे गल्लीला फोडणी पडताच कळायचं. मग नवऱ्यानं, पाटबंधारे खात्यातल्या राधाकृष्ण ओव्हरसियरनं, सोसायटीत प्लॉट घेतला नि त्यावर तीन खोल्या बांधल्या. त्याला बंगला म्हणायचं असतं हे तिला इथं आल्यावर समजलं.

कॉलनीत प्रत्येक फाटकावर नावाची पाटी, नावाखाली डिग्री आणि डिग्रीखाली ‘कुत्र्यापासून सावध राहा’. ज्यांच्याकडे कुत्रं नव्हतं त्यांनीही ती पाटी लावली होती. “सावध राहायला इथं मरायला येतंय कोण?” भागूबाई म्हणायची. बांगला देशच्या लढाईत ब्लॅकआउट झाला तेव्हा श्रीरामपूरच्या गल्लीत म्हणे नुसती धांदल उडाली होती. इथं काही फरकच पडला नाही. एरवीही सातला दारं लागायची आणि आठला पडदे ओढले जायचे.

या लोकांचं एक पालुपद होतं. समोरचे रिटायर्ड मामलेदार शेळके ते म्हणायचे, शेजारच्या लगडबाई म्हणायच्या. “आम्ही कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो.” हे सांगताना चारी धाम करून आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

“सुसंस्कृत वस्ती आहे, भागू,” राधाकृष्ण म्हणायचा. “अशी शांतता पैसे मोजून घ्यावी लागते.”

“मसणात फुकट मिळती,” भागूबाई म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची.

लेकीला, विजयमालेला, स्थळ आलं तेव्हा मात्र ही शांतता आपल्याला भारी पडणार असं तिला पहिल्यांदा वाटलं. तिचा भाऊ रंगनाथ स्थळ घेऊन आला होता. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, राहुरीकडे बागायत शेती, माणसं सरळ. पत्रिका जुळली होती, मुलगी पसंत होती. विजयमालाही, कधी नव्हे ते, गुणगुणायला लागली होती.

“आता फकस्त चवकशी ऱ्हायली,” रंगनाथ म्हणाला. “मुलाचे चुलते हायेत, काकासाहेब. लई जुनं मानूस. न सांगता येतील, शेजारीपाजारी इचारतील. समाधान झालं तर तुज्या घरी चहा घेत्याल. त्यांनी चहा घेतला की ठरलं समज.”

“आनि न्हाई घेतला तर?”

रंगनाथनं टोपी काढून पुन्हा घातली. “आक्का, तुज्या पोरीत खोट कुठाय? इचारू दे की.”

खोट पोरीत नव्हती. श्रीरामपूर असतं तर भागूबाई निवांत झोपली असती. बनुबाईनं त्या काकासाहेबांना ओट्यावर बसवून विजयमालेचे गोवर-कांजिण्यांपासूनचे गुण ऐकवले असते. इथं विचारणार कुणाला? या पडद्यामागच्या मुडद्यांना?

तरी तिनं अभिमान गिळला. शेंगदाण्याचे लाडू केले, डबा भरला नि शेजारी लगडांकडे गेली. लगडबाईंनी फाटक न उघडताच वरून डबा घेतला. “कशाला उगाच त्रास,” म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी मंदा डबा परत द्यायला आली. घासून लख्ख केलेला, रिकामा. रिकामं भांडं शेजारी परत धाडायचं! भागूबाईच्या सात पिढ्यांत कुणी असलं केलं नव्हतं. मंदालाही ते कळत असावं. भिंतीपाशी ती थबकली, आपल्या अंगणातल्या झाडाचा मूठभर कढीपत्ता तोडला आणि डब्यात घातला. “मावशी, रिकामा कसा देऊ,” एवढंच म्हणाली.

पोरगी गुणी होती. घरात लुळी पडलेली आजी होती, तिला भरवणं, पुसणं, न्हाऊ घालणं सगळं हीच करायची. भागूबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. कॉलनी एवढी चिडीचूप, की भिंतीपलीकडचं “आजी, आ कर” सुद्धा ऐकू यायचं.

काकासाहेब आले ते भर दुपारी. धोतर, पांढरी टोपी, खांद्याला पिशवी. भागूबाई परातीत कणीक मळत होती. खिडकीतून दिसताच तिनं ओळखलं. अशा वेळी मुलीच्या आईनं बाहेर जायचं नसतं. काही माहीत नाही असं दाखवायचं असतं. कणकेच्या हातांनी ती पडद्याआड उभी राहिली. पडद्याआड उभं राहण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

काकासाहेबांनी आधी मामलेदारांचं फाटक वाजवलं. “रामराम. त्या समोरच्या काकड्यांचं जरा इचारायचं हुतं. मानसं कशी हायेत?”

“हे पाहा,” मामलेदार म्हणाले, “आम्ही कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो.”

“व्हय, पन मुलगी हाय ना त्यांना?”

“आहे वाटतं. दिसते कधीमधी.”

“कधीमधी?”

“आम्ही लक्ष देत नाही.”

काकासाहेबांनी पुन्हा रामराम घातला. मग रस्ता ओलांडून लगडांच्या फाटकाशी आले. लगडबाई बाहेर आल्या, पदर सावरला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “मला काही विचारू नका हो. दुसऱ्याच्या मुलीबद्दल आपण कशाला बोला?”

बाई वाईट बोलली नव्हती. तिला वाटलं, आपण किती सभ्य! पण ज्यानं आयुष्यात चार सोयरिकी जुळवल्यात त्याला विचारा, या वाक्याचा अर्थ काय होतो ते. भागूबाईला तो कळला. तिच्या बोटांवरची कणीक वाळत चालली होती. मागं चहाचं आधण उकळत होतं, विजयमालेनं ते केव्हाच ठेवलं होतं.

काकासाहेब काकड्यांच्या फाटकापर्यंत आले. त्यांनी पाटी वाचली, घराकडे पाहिलं, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

आठवड्यानं रंगनाथ निरोप घेऊन आला. पत्रिका जुळत नाही म्हणे.

“जुळली हुती की!”

“आक्का,” रंगनाथ खाली बघत म्हणाला, “त्यांनी वाईट काय ऐकलं न्हाई. पन चांगलंबी काय ऐकलं न्हाई.”

विजयमाला रडली नाही. तिचं गुणगुणणं तेवढं बंद झालं. भागूबाईनं मात्र त्या दिवसापासून कॉलनीला शिव्या देणंही सोडलं. शिवी द्यायलासुद्धा समोर माणूस लागतं, असं तिचं मत झालं होतं. राग तिनं नीट आवळून पोटात ठेवला.

दिवाळीनंतर एका दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक वयस्कर जोडपं उभं होतं, नेवाशाकडचं. बाईच्या हातात पिशवी, चेहऱ्यावर तीच अवघडलेली आशा.

“बाई, हे शेजारचे लगड. त्यांची मुलगी मंदाकिनी. आमच्या मुलासाठी बगतोय. कशी हाय हो पोरगी?”

लगडांच्या स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. खिडकीचा पडदा किंचित हलला. भागूबाईनं तो हललेला पाहिला. तिच्या जिभेवर मंदाची आजी आली, ‘आ कर’ आलं, मूठभर कढीपत्ता आला. आपल्या मागं दारात विजयमाला उभी आहे हेही तिला ठाऊक होतं.

मग तिनं पदर सावरला.

“मला काही विचारू नका हो,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली. “दुसऱ्याच्या मुलीबद्दल आपण कशाला बोला?”

बोलताना तिला विलक्षण गोड वाटलं. जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं. बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दोघं वळून चालू लागले.

भागूबाई मागं वळली. विजयमाला तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, दुःख नव्हतं. ती नजर भागूबाईच्या ओळखीची होती. आल्यापासून ती स्वतः कॉलनीकडे तसंच बघत आली होती.

विजयमालेनं चपला पायात सरकवल्या, आईच्या अंगावरून पुढं गेली आणि फाटक धाडकन आपटून रस्त्यावर पळाली. “अहो काका! थांबा!” मामलेदारांच्या खिडकीचा पडदा उडाला.

ती दोघं कोपऱ्यावर थांबली. आता बरंच अंतर पडलं होतं, आणि विजयमालेला धापही लागली होती. पण कॉलनी शांत होती, त्यामुळं भागूबाईला शब्दन् शब्द ऐकू आला.

“मंदा लाखात एक आहे,” विजयमाला सांगत होती. “माझ्या आईला सगळं माहीत आहे. पण ती इथली आहे ना, सांगायची नाही.”