बॉनेटच्या पलीकडे

इंजिनाचा आवाज ओळखू आला तशी डल्सीने ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं आणि स्टिअरिंगवर वाकून बसली.

"कोण येतंय?" कोरलने विचारलं. डल्सीची ही थोरली नणंद रस्त्याच्या कडेला विस्तवापाशी बसून चहाचा डबा ढवळत होती.

"तुम्हीच बघा ना, वन्सं. मला कुठे बघता येतंय?"

कोरलने कपाळावर हात धरून उत्तरेकडे पाहिलं. लाल धुळीतून एक जुनी, पांढरी, उंच चाकांची डिझेल गाडी येत होती. डल्सीच्या बंद पडलेल्या गाडीची जुळी बहीण शोभली असती.

"तुझा जावई," कोरल म्हणाली. "आता झाली पंचाईत."

एनॉकने शंभर पावलं अलीकडेच गाडी थांबवली, वळवून तिची पाठ त्यांच्याकडे केली आणि दोनदा हॉर्न वाजवला. हातातली काटकी टाकून, गुडघ्यांवर हात टेकत कोरल उठली आणि तिकडे निघाली.

डल्सीच्या लेकीच्या, रोझलीच्या लग्नाला नऊ वर्षं होत आली होती. या नऊ वर्षांत डल्सीने एनॉकचा चेहरा पाहिला नव्हता, त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं. तो सासू-जावयांनी एकमेकांना द्यायचा मान होता, डल्सीच्या आईने आपल्या जावयाला दिला होता तसाच. नजर द्यायची नाही, बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका छपराखाली बसायचं नाही. एनॉकही तो काटेकोर पाळी. ती दुकानात शिरली की तो मागच्या दाराने बाहेर पडे. त्याने कांगारू मारलं की शेपूट कुणाच्या तरी हाती तिच्या घरी येई, आणि कुणी पाठवलं हे आणणारा सांगत नसे. डल्सीला तो ठाऊक होता तो पाठमोरा, खोकण्यावरून आणि गाडीच्या आवाजावरून.

कोरल परत आली. "तोही ॲलिसलाच, इस्पितळात निघालाय. रोझलीकडे. रात्री गुरांच्या तळावर फोन आला म्हणे, कळा सुरू झाल्यात म्हणून."

"त्याला फोन कशाला केला तिने?"

"मुलाचा बाप आहे तो, डल्सी." कोरलने गाडीला टेकून श्वास घेतला. "आपल्याला त्याच्या गाडीतून नेता येत नाही, हे त्याने मला सांगितलं. जसं काही मी कालच जन्मले. म्हणाला, गाडी बघतो. बॉनेट उघड आणि तू आतच बस, त्याच्या आड."

डल्सीने खटका ओढला आणि कोरलने बॉनेट वर करून टेकू लावला. समोरची काच पूर्ण झाकली गेली. मग त्याची पावलं वाळूत वाजत आली आणि पलीकडे थांबली.

"विचारतोय, सेल्फ मारला की काय होतं?" कोरलने खिडकीशी येऊन विचारलं.

"टकटक होतं आणि थांबतं म्हणावं."

कोरल पुढे गेली, परत आली. "कधीपासून?"

"चहाला थांबलो, इंजिन बंद केलं, तेव्हापासून."

कोरल पुन्हा गेली आणि पुन्हा आली. चौथ्या फेरीनंतर ती विस्तवापाशी जाऊन बसली.

"माझे गुडघे म्हणजे काय तुमचा टेलिफोन आहे?" ती दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तो कुत्रा पडलाय ना मधोमध, त्याच्याशी बोला. त्याचं तुमच्याशी काही नातं नाही."

बिस्किट बंपरच्या सावलीत लोळत होता. बॉनेटपलीकडे वीज मोजायच्या मीटरच्या तारांचे चिमटे लागल्याचा बारीक आवाज आला.

"बिस्किट," एनॉक हळूच म्हणाला, "बॅटरी उतरलीय. दहा पॉइंट नऊ व्होल्ट. पहाटे दिवे लावून गाडी आली असणार."

"बिस्किट," डल्सी ब्लँकेटमधून म्हणाली, "तीन वाजता निघालेल्याने दिवे लावू नयेत तर काय करावं?"

"लावावेतच. पण चालत्या गाडीत बॅटरी भरत राहते, ती इथे भरलेली नाही. चावी दिली की समोर एक लाल दिवा लागतो, बॅटरीचं चित्र असलेला. तो लागतो का, बिस्किट?"

डल्सीने ब्लँकेटची कड उचलली. त्या दिव्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवलेली होती.

"त्याच्यावर पट्टी आहे, बिस्किट. आठवडाभर तो मिणमिण करत होता. डोळ्यांना त्रास व्हायचा."

विस्तवापाशी कोरल आवाज न करता हसत होती. बिस्किटने एकदा गाडीच्या दाराकडे आणि एकदा एनॉकच्या बुटांकडे पाहिलं. सारखं नाव घेतात आणि खायला काही देत नाहीत, हे त्याला उमगत नव्हतं.

"पट्टी काढून बघता आली तर बरं होईल," एनॉक म्हणाला.

डल्सीने नखाने पट्टी सोलली आणि चावी फिरवली. "नाही लागत."

"जराही नाही?"

"आता जराही नाही."

"हं," एनॉक म्हणाला, आणि तो आवाज कुत्र्यासाठी नव्हता.

त्याने आपली गाडी शेजारी आणून लावली. तेवढा वेळ डल्सी ब्लँकेटमध्ये डोळे मिटून बसली. त्याने दोन्ही बॅटऱ्यांना जाड तारा जोडल्या. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं. मग त्याने तारा काढल्या आणि मीटर पाहून आकडे मोठ्याने सांगितले, बारा पॉइंट तीन, बारा पॉइंट एक, बारा. चौदा हवेत, तो म्हणाला, आणि हे तर उतरतायत. इंजिन बंद करायला सांगून त्याने पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. ताण ठीक होता. फ्यूज ठीक होता. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या मागची जाड तारही ठीक होती. शेवटी त्याने पुन्हा चावी द्यायला सांगितली, पण सेल्फ न मारता.

"पुलीच्या नटाला स्क्रूड्रायव्हर टेकवलाय, बिस्किट. चावी दिली की तिथे लोखंड ओढलं जायला हवं. काहीच ओढ नाही. आतल्या गुंडाळीला वीज पोचत नाही. अल्टरनेटरमधले कार्बनचे ब्रश झिजून संपले असणार."

"मग काय करायचं, बिस्किट?"

"अल्टरनेटरच बदलावा लागेल."

"इथे कुठे मिळणार दुसरा?"

पावलं दूर गेली. शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अवजारांची पेटी वाजली.

कोरलने खिडकीतून चहाचा मग आत दिला. त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. "स्वतःच्या गाडीचा काढतोय," ती म्हणाली.

डल्सीने मग दोन्ही हातांत धरला.

"संध्याकाळी दुकानाचा ट्रक जातो या रस्त्याने," कोरल म्हणाली. "तेवढं सांगून तो गेला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिकडे रोझलीने त्याला आत बोलावलंय. खोलीत. नर्स हो म्हणाल्यात."

"बाळंतपणाच्या खोलीत? पुरुषाला?"

"हल्ली बोलावतात. आमच्या वेळी पुरुष दोन टेकड्या पलीकडे बसायचे, आणि तिथेही घाबरायचे."

डल्सी हसली नाही. "मलाही ये म्हणालीय ती. आम्ही दोघं एका खोलीत कसे असणार? मी गेले की त्याला बाहेर पडावं लागणार, एवढं कळत नाही तिला?"

"कळतं." कोरलने दूर, रस्त्याकडे पाहिलं. "त्यालाही विचारलं मी. त्याला ती म्हणाली, दोघांना सांगून ठेवते, एक तरी पोचेल."

तीन वर्षांपूर्वी रोझली बाळंतपणासाठी त्याच इस्पितळात होती. डल्सी तेव्हा भावाच्या सुतकात, घर सोडून सगळ्या नातलगांनी मिळून शोक करायच्या तळावर बसली होती. तिथून मध्येच उठून जाता येत नव्हतं. एनॉक चारशे किलोमीटर उत्तरेला गुरं गोळा करायला गेला होता. जन्मलेली मुलगी तासभर जगली. तो तासभर रोझलीशेजारी एक परकी नर्स होती, तिच्या भाषेतला एक शब्दही न येणारी. रोझलीने त्याबद्दल आईला कधी काही म्हटलं नाही. त्यानंतर फोनवर ती एवढंच विचारायची की रस्ता कसा आहे.

चहावर साय धरली. डल्सीने मग तसाच खाली ठेवला.

एनॉक परत आला आणि बराच वेळ फक्त पान्याचे आवाज येत राहिले. बॅटरीची तार सुटली. एक बोल्ट कुरकुरला, अडला, मग सैल झाला. पट्टा निघाला. काहीतरी जड वाळूत ठेवलं गेलं आणि दुसरं जड उचललं गेलं. तो बोल्ट दाताखाली धरून बोलत असावा, कारण शब्द नीट येत नव्हते. एकदा त्याने बिस्किटला फडकं मागितलं. डल्सीने आपल्या डोक्याचा रुमाल सोडून कोरलच्या हाती दिला.

"हा जुना कुठे चाललाय, बिस्किट?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"त्या गाडीत. त्याच्या पाठीला ब्रेकचा छोटा पंप आहे. तो फिरला नाही तर ब्रेक नीट लागत नाही. पंप शाबूत आहे."

"आणि त्या गाडीची बॅटरी कशावर भरणार?"

"नाही भरणार. भरलेली आहे तेवढी पुरेल. डिझेल एकदा सुरू झालं की फार वीज मागत नाही. दिवे लावायचे नाहीत, पंखा लावायचा नाही. वाटेत इंजिन बंद करायचं नाही. अंधाराआधी पोचायचं."

"आणि झालंच बंद, तर?"

"नाही होणार, बिस्किट," एनॉक म्हणाला. पण ते म्हणायला त्याने वेळ घेतला.

तो आपल्या गाडीकडे गेला, जुना अल्टरनेटर तिथे बसवून आला आणि ती गाडी सुरू करून ठेवली. पुन्हा जाड तारा जोडल्या गेल्या. डल्सीने चावी फिरवली. लाल दिवा लागला, आणि इंजिनाने धडधड धरताच विझला. तिने तसं बिस्किटला सांगितलं.

"चौदा पॉइंट दोन," पलीकडून उत्तर आलं. मग तारा काढून पुन्हा, "चौदा पॉइंट दोन." दुसऱ्यांदा सांगताना आवाज किंचित वर गेला. त्याचा असा आवाज डल्सीने पहिल्यांदाच ऐकला.

फडक्याला हात पुसल्याचा आवाज आला. सूर्य माथ्यावरून कलला होता.

"बिस्किट," एनॉक म्हणाला, "या गाडीने आता निघावं. चार तासांचा रस्ता आहे. मागची गाडी सावकाश येईल. तिकडे आई आधी पोचलेली बरी. बाकीचे काय, बाहेर झाडाखाली थांबतील."

डल्सीचा हात गिअरवर होता. तिने तो काढून मांडीवर ठेवला.

"बिस्किट, दोन गाड्या निघाल्या आणि त्यातली एक बिघडलेली असली, तर तिला मागे ठेवून चांगली गाडी पुढे पळवणारा शहाणा तू कधी पाहिलायस का? ती वाटेत बंद पडली तर पुढच्याला कळणार कसं? बिघडलेली पुढे जाते. चांगली मागून येते."

पलीकडे बूट हलले. "पुढची आधी पोचते, बिस्किट."

"पोचू दे."

पलीकडे पाने पेटीत टाकल्याचा आवाज आला.

"आणि पोचली की थेट आत जायचं म्हणावं," डल्सी म्हणाली. "दाराशी उभं राहून मागच्या गाडीची वाट बघायची नाही. मागची गाडी म्हातारी बाई चालवतेय. तिला वेळ लागेल."

मग एकदा खोकला आला, तिला ओळखीचा. तिने ब्लँकेट डोक्यावर घेतलं. बॉनेट आदळलं नाही. दोन्ही तळव्यांनी दाबत कुणी ते सावकाश बसवलं. पावलं गेली, दार लागलं आणि दुसरं इंजिन दक्षिणेकडे निघालं.

"आरसा छताकडे फिरवला त्याने," कोरल म्हणाली. "मागचं काही दिसू नये म्हणून."

तिने विस्तवावर वाळू लोटली, चहाचा डबा मागे टाकला आणि बिस्किटला आत ढकलून स्वतः शेजारी बसली. "हं, चल आता."

डल्सीने ब्लँकेट काढून घडी घातली. मग घडी उलगडून पुन्हा नीट घातली. इंजिन एका लयीत चालू होतं. तिने गिअर टाकला नाही.

"धूळ बसू दे जरा," ती म्हणाली. "समोरचं दिसत नाही."

कोरलने काचेतून पाहिलं. वारा पूर्वेचा होता आणि एनॉकच्या गाडीची धूळ केव्हाच झुडपांवर निघून गेली होती. रस्ता पार टेकडीपर्यंत स्वच्छ दिसत होता. कोरलने बोलायला तोंड उघडलं, डल्सीकडे पाहिलं आणि सीटवर मागे रेलून बसली.

"हो," ती म्हणाली. "फार आहे धूळ."