काच शाबूत आहे

इमारत पडायला आली आहे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पालिकेने दारावर ‘धोकादायक इमारत’ अशी लाल पाटी ठोकली आणि हात झटकले. मालक भाडं न्यायला न चुकता यायचा, दुरुस्तीचं नाव काढलं की मात्र त्याला ऐकू येईनासं व्हायचं. भाडेकरू म्हणायचे मालकाने करावं, मालक म्हणायचा पालिकेने करावं, आणि पालिका आणखी एक पाटी लावायची. पाट्यांच्या टेकूवर भिंती उभ्या राहत असत्या, तर ही इमारत नातवंडांनाही पुरली असती.

पहिल्या मजल्यावर फ्रेमवाला आणि त्याची वहिनी राहायची. खाली रस्त्याला लागून त्याचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. आईबाप गेले तेव्हा तो लहान होता. वहिनीनेच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे भाऊ गेला आणि मग हळूहळू वहिनीची नजर गेली. पण त्या दोन खोल्यांत ती आंधळी नव्हती. चहा करायची, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायची, त्याच्या शर्टाला बटणसुद्धा लावायची.

“घरात मला डोळे आहेत रे,” ती म्हणायची. “उंबऱ्याबाहेर काढलंस की ते इथंच राहतील.”

म्हणून पालिकेचे साहेब मागच्या खोलीत काच लावायला आले, तेव्हा फ्रेमवाला दुकान सोडून वर धावला. साहेबांनी भिंतीतल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी धरली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली.

“भिंत सरकली की काच फुटणार,” ते म्हणाले. “फुटली की त्याच दिवशी सगळ्यांनी बाहेर पडायचं. गावाबाहेरच्या शेडमध्ये सोय केली आहे.”

वहिनीने काच चाचपून पाहिली. तिला ती पसंत पडली. पाट्या तिला वाचता येत नव्हत्या. ही बातमी निदान हाताला कळणारी होती. रोज सकाळी केस विंचरायच्या आधी ती काचेवरून बोट फिरवायची, “आहे बाबा धड,” म्हणायची आणि कामाला लागायची.

एका दुपारी ती झोपलेली असताना फ्रेमवाला वर आला, तर काच मधोमध तडकलेली. साहेबांना सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. पण शेड तो बघून आला होता. लांबलचक ओळीत एकसारखी दारं, पाणी अंगणापलीकडच्या नळावर. तिथं वहिनी भिंती चाचपत, याला त्याला हाका मारत फिरते आहे, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. जवळपास तळमजल्यावरची एखादी खोली मिळेपर्यंतच, असं त्याने मनाला बजावलं आणि तो खाली दुकानात गेला.

पट्टी कापली. सवयीप्रमाणे तिच्या कडा दगडावर घासल्या. बिनघासलेली काच त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडली नव्हती, आणि हिच्यावर तर रोज वहिनीचं बोट फिरणार होतं. पट्टी भिंतीवर चढवून त्याने वर थोडी धूळ चोळली.

“आज गुळगुळीत लागते रे,” दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली.

“तुमचाच हात फिरून फिरून झाली असेल.”

“मग तुझं डोकं कधीच गुळगुळीत व्हायला हवं होतं!” ती खळखळून हसली. तोही हसला आणि दुकानात निघून गेला.

पुढे तीही काच फुटली. या वेळी त्याने जाड काच घेतली. साहेब तपासायला आले, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, “चिवट आहे तुमची भिंत.” फ्रेमवाल्याने मान डोलावली. खोल्या तो खरोखर शोधत होता. कुठे जिना आडवा यायचा, कुठे घरमालक.

त्या दिवशी तो गिऱ्हाइकाकडे आरसा बसवायला गेला होता. परतला तेव्हा गल्लीत धुळीचा लोट होता आणि इमारतीचा मागचा अर्धा भाग नव्हता. सगळे भाडेकरू रस्त्यावर होते. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्याचा हात धरला.

“भिंत कडकडली तशी आम्ही सगळे पळालो. वहिनींनाही ओढत होते मी. त्या म्हणाल्या, थांब, काच बघते. हात लावला आणि म्हणाल्या, काच शाबूत आहे, उगाच घाबरता. तू हो पुढे, मी दूध उतरवून येते.”

हात सोडवून तो ढिगाऱ्याकडे धावला.

वहिनीला बाहेर काढून चादरीखाली ठेवलं होतं. ढिगाऱ्याजवळ साहेब उभे होते. त्यांच्या हातात प्लास्टरचा एक गोळा होता आणि त्याला चिकटलेली अख्खी काच. लोक त्यांना शिव्या घालत होते. ते खाली मान घालून ऐकत होते.

“शेवटपर्यंत फुटली नाही हो,” फ्रेमवाल्याला पाहून ते रडवेल्या आवाजात म्हणाले. “मी हिच्यावर विसंबलो. चूक माझी आहे.”

गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. फ्रेमवाल्याने एकदा चादरीकडे पाहिलं. मग साहेबांचा अंगठा धरून काचेच्या कडेवरून हळूच फिरवला.

“तुमची काच बोट कापते, साहेब. ही कापत नाही. ही मी घासली होती. तिला लागू नये म्हणून.”