दांडीवरून उतरा

अंगणात चेंडू खेळण्यास मनाई आहे. — गृहसंस्था

ही पाटी बोग्ना विर्स्काच्या जन्माच्याही आधीची. पोलंडमधल्या वूच शहराच्या कडेला, सुताच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हा बांधलेल्या चार मजली इमारती, मध्ये अंगण, अंगणाच्या टोकाला ही पाटी. पोरांना तिचा फार उपयोग व्हायचा. एका बाजूचा गोलपोस्ट ती, दुसऱ्या बाजूचा कुणाचं तरी दप्तर.

पण अंगणातली खरी वस्तू म्हणजे दांडी. गालिचे टाकून झोडपायला रोवलेली लोखंडी चौकट, एक आडवी दांडी वर, एक खाली. शनिवारी बायका तिच्यावर गालिचे टाकून वेताच्या झोडपण्याने धूळ काढायच्या. बाकीचे दिवस ती पोरांची. गुडघे अडकवून उलटं लटकायचं. खिशातली नाणी खाली पडायची, वेण्या मातीला लागायच्या आणि इमारती आभाळातून खाली लोंबायला लागायच्या.

बोग्नाने आता चाळिशी ओलांडली होती. पोटासाठी ती खेळायच्या वस्तू बनवायची, त्याही मोठ्या माणसांनी खेळायच्या. बसलं की सुस्कारा टाकणारा बाक. दोन अनोळखी माणसांनी दोन टोकं धरल्याशिवाय न गाणारा कठडा. संग्रहालयांत, चौकांत, परक्या गावांत तिच्या वस्तू लागल्या होत्या. हे सुचतं कुठून, असं कुणी विचारलं की ती काहीतरी भारदस्त सांगायची. खरं उत्तर दांडी हे होतं.

आणि तीच दांडी उपटून तिथे गाड्या लावायचं गृहसंस्थेत घाटत होतं. कळल्यावर बोग्ना बाहेरगावाहून धावत आली. दांडीचीच एक खेळायची वस्तू करून देते म्हणाली. संस्थेचे अध्यक्ष गाव्रोन साहेब मऊ स्वभावाचे, पण हिशेबी. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की करा, पण उद्घाटनाला मी स्वतः बघणार. आमची माणसं खेळली तर दांडी राहील. नाही खेळली तर रिंगरोडवरच्या मॉलने ती सजावटीसाठी आत्ताच मागून ठेवली आहे, खांबासकट.

मॉलमध्ये, सरकत्या जिन्याशेजारी, आपली दांडी. बोग्नाला रात्री झोप लागेना.

हात लावा.

ही तिची पहिली पाटी. कोस्माने रंगवली. कोस्मा तिच्या कामातला भागीदार, तारा आणि वजनाचे काटे बघणारा, बडबड्या माणूस.

वस्तू अशी होती. दोन्ही दांड्यांच्या पोटात वजन ओळखणारे काटे बसवले. अंगणाभोवतीच्या गॅलऱ्यांत कुंड्यांच्या मागे छोटे स्पीकर लपवले. दांडीला लटकलं की एका गॅलरीतून हाक यायची, पूर्वी संध्याकाळी यायची तशी. “मार्चीश, घरी ये! सूप निवतंय!” वरच्या दांडीला एक गॅलरी, खालच्या दांडीला दुसरी, झोका घेतला की तिसरी. दोघं-तिघं एकदम लटकले तर सगळं अंगण हाका मारायला लागायचं. आवाज खरेखुरे, इथल्याच बिऱ्हाडांतले. बोग्ना आवाज भरायचं यंत्र घेऊन दारोदार फिरली होती. कुणी लाजत, कुणी केक पुढे करत, सगळ्यांनी एकेक हाक दिली.

एकच घर राहिलं. पहिला मजला, खिडकी नेमकी दांडीच्या डोक्यावर. अपोलोनियाबाई.

पोरं त्यांना भोंगा म्हणायची. गिरणीचा भोंगा परवडला, तो ठरल्या वेळी तरी वाजायचा. दांडीवर कुणी चढलं की खिडकी धाडकन उघडायची आणि “उतरा खाली!” पोरांचा सगळा खेळ त्याभोवतीच असायचा. खिडकी उघडेपर्यंत जो लटकून राहील तो राजा.

बोग्ना त्यांच्याकडे गेली तेव्हा टीव्ही दणदणत होता. अपोलोनियाबाईंनी दार उघडलं, तिला आत घेतलं, चहा ठेवला आणि टीव्ही बंद करायचा राहूनच गेला. बोग्नाने काय हवं ते सांगितलं. त्यांनी कान पुढे केला. ती जवळ सरकली, आवाज चढवून म्हणाली, “काकू, तुमच्या मुलांना जेवायला कशी हाक मारायचात, तशीच मारा!”

वाक्य तोंडातून निघालं आणि तिच्या लक्षात आलं. या घरात मूल नव्हतंच. आणि तिने ते दोनदा विचारलं होतं, एकदा हळू आणि एकदा ओरडून.

अपोलोनियाबाईंनी कप बशीत ठेवला. रागावल्या नाहीत. “मी कधी कुणाला घरी बोलावलं नाही, पोरी. मी नुसतं हाकललं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते बोग्नाला अर्धवट ठाऊक होतं आणि कधीच कळलं नव्हतं. त्यांचा नवरा तेओफिल सूतगिरणीत रात्रपाळीला असायचा. सकाळी भुवयांत कापूस अडकलेला एक माणूस जिना चढताना बोग्नाने शेकडो वेळा पाहिला होता. तो दिवसा झोपायचा. पडदे लावायचे, पावलं दाबून चालायचं, आणि नेमकं खिडकीखाली दांडीवर सारं अंगण गोळा व्हायचं. एवढ्या वर्षांची लढाई त्या माणसाच्या झोपेसाठी होती.

“तसंच ओरडा ना मग,” बोग्ना म्हणाली. “ते ‘उतरा खाली’.”

“कुणाला? तेओफिल जाऊन आठ वर्षं झाली. आता कुणाची झोप राखू?”

बोग्ना रिकामं यंत्र घेऊन खाली आली.

कृपया लटकावे. ही वस्तू आपलीच आहे.

ही दुसरी पाटी, कारण पहिलीचा उपयोग झाला नाही.

लोक दांडीला वळसा घालून जात होते. पिशव्या घेऊन थांबत, वरून खालून बघत, छान झालंय म्हणत आणि जिना चढत. तिने तिसरी पाटी लिहिली.

चढा, लोंबा, झोका घ्या, ठोका. काही मोडत नाही.

कोस्मा म्हणाला, “पुढची पाटी ‘तुमच्या पाया पडते’ अशी करू या. अक्षर मी मोठं काढतो.”

पोरं अंगणात फारशी उतरतच नव्हती. जी उतरली त्यांनी पाटी वाचली, एकदा दांडीला लटकून हाक ऐकली आणि ती निघून गेली. एका मुलीने बोग्नाला अगदी शांतपणे विचारलं, “मग पुढे काय?” दहा गावांत वस्तू लावलेल्या बाईला.

उद्घाटन. रविवारी, चर्च सुटल्यावर. सर्वांनी यावे.

सर्व आले. हीच तर पंचाईत झाली.

रविवार गाव्रोन साहेबांनी ठरवला होता, माणसं घरी असतात म्हणून, आणि बोग्नाने मान डोलावली होती. चर्चहून आलेली माणसं इस्त्रीच्या कपड्यांत अंगणात उभी होती. खिडक्याखिडक्यांतून कोंबडीच्या सुपाचा वास येत होता आणि घराघरांतून मांसाचे तुकडे हातोडीने ठोकल्याचा ठक ठक आवाज. गाव्रोन साहेब टोपी हातात घेऊन, मॉलचा माणूस जरा मागे. कोस्माने तारा जोडल्या, हिरवा दिवा लागला. बोग्नाने दोन शब्द सांगितले. टाळ्या झाल्या.

नंतर काही नाही.

पुढच्या रांगेतला एक नातू दांडीकडे सरकला. त्याच्या आजीने त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “आज रविवार आहे. रविवारी दांडीला हात लावत नाहीत.”

बोग्नाला हे माहीत होतं. लहानपणी तिलाही हात धरूनच मागे ओढलेलं होतं. रविवारी गालिचा झोडपायचा नाही, चर्चच्या कपड्यांत लटकायचं नाही. मांस ठोकलं तर चालतं, गालिचा नाही. बाहेरगावी राहून राहून आपल्याच अंगणाची रीत ती विसरली होती.

“मांस ठोकायला आणलं असतंस तर सगळे रांगेत उभे राहिले असते,” कोस्मा कानाशी पुटपुटला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

गाव्रोन साहेब मॉलच्या माणसाकडे वळले. बोग्नाने ते पाहिलं, कोट काढून कोस्माच्या हातात कोंबला आणि वरच्या दांडीला हात घातला. एवढ्या वर्षांनी गुडघे जागेवर जातील की नाही कोण जाणे. गेले. ती उलटी झाली. खिशातून किल्ल्या पडल्या, नाणी पडली. कुंडीमागून आवाज आला, “मार्चीश, घरी ये! सूप निवतंय!”

लोक हसले. सभ्यपणे. संग्रहालयात हसतात तसं.

बोग्ना लटकून राहिली. खाली उतरायला तोंड नव्हतं. डोक्यात रक्त उतरलं, इमारती आभाळातून लोंबायला लागल्या. आणि त्या उलट्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक पडदा हलला.

खिडकी धाडकन उघडली.

“ए, विर्स्कांची! उतर खाली!”

घराघरांतली ठक ठक थांबली.

“माणसं झोपलीयत! आणि रविवारी? एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत? आईला सांगेन तुझ्या!”

बोग्नाची आई ग्दान्स्कला मुलाकडे राहत होती. तरी बोग्ना दचकली, आणि त्याच क्षणी, कुणी शिकवल्यासारखी, तिने गुडघ्यांत दांडी आणखी घट्ट पकडली.

गर्दीतून दुसऱ्या जिन्यातला टकला रिशार्द पुढे आला. याच अंगणातला जुना राजा. त्याने टाय खांद्यावर टाकला, खालच्या दांडीला लोंबला आणि वर बघून म्हणाला, “काकू, मी पण आहे हं.”

“दिसतोस, बैला! दांडी वाकेल! उतर!”

मग कुणाला धरवेना. ज्यांनी लहानपणी त्या खिडकीची बोलणी खाल्ली होती ते सगळे धावले. नातवाचा हात आजीच्या हातातून सुटला, की आजीनेच सोडला, ते नक्की कळलं नाही. गॅलऱ्या हाका मारायला लागल्या, घरी या, सूप निवतंय, अंधार पडला. आणि त्या सगळ्यांच्या वर अपोलोनियाबाई, उतरा, उतरा, नावं घेऊन, बापांची नावं घेऊन. घरी बोलावणाऱ्या हाका होत्याच. इतके दिवस नव्हती ती ही, हाकलणारी.

गाव्रोन साहेबांनी नकळत खांबावर हात टेकला होता.

“गाव्रोन, तू सुद्धा?”

साहेबांनी हात झटकन मागे घेतला. मॉलचा माणूस केव्हा गेला ते कुणी पाहिलं नाही.

(इथली पाटी काढली आहे.)

दांडी राहिली. पण गाव्रोन साहेब हिशेबी. त्यांनी विचारलं, “हे झालं रविवारचं. रोज कोण ओरडणार?”

कोस्माचं म्हणणं पडलं की बाईंचा आवाज भरून घेऊ, एक स्पीकर वाढवू. बोग्ना पुन्हा यंत्र घेऊन वर गेली. या वेळी तिने आधी टीव्ही बंद करायची परवानगी मागितली.

“भरून ठेवायला मी मेलेय का?” अपोलोनियाबाई म्हणाल्या. “घरातच तर असते.”

“मग ओरडाल रोज?”

त्या खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या की आता खालचं ऐकू येत नाही. रविवारी पडद्याआड बसून बघत होत्या म्हणून दिसलं. एरवी खाली कुणी चढलं काय, उतरलं काय, कळत नाही. कधीपासून कळत नाही तेही सांगता येणार नाही. त्यांना वाटलं होतं, पोरंच यायची थांबली.

बोग्ना चहा न घेताच खाली पळाली.

दुपारभर ती आणि कोस्मा शिडीवर होते. दांडीच्या पोटातल्या काट्यापासून एक तार खांबावरून वर नेली, भिंतीच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून आत. तिच्या टोकाला एक पिवळा दिवा. तो जिरेनियमच्या कुंडीशेजारी, बाईंच्या खुर्चीवरून दिसेल असा बसवला. बोग्नाने आयुष्यभर वस्तूंना बोलायला लावलं होतं. या वस्तूने एका माणसाला फक्त सांगायचं होतं की खाली कुणीतरी आलं आहे.

दिव्याला एक बटण हवं, असं अपोलोनियाबाईंनी बजावलं. का, तर दुपारी त्या झोपतात.

आणि पाटी त्या स्वतः लिहिणार होत्या. कोस्माने ब्रश दिला. अक्षर वाकडं होतं, पण मोठं होतं.

दांडीवर चढण्यास सक्त मनाई आहे. — अपोलोनिया, पहिला मजला. दुपारी मी झोपते, तेव्हा हळू.

कोस्मा पाटी लावायला खाली गेला. ‘मग पुढे काय’ विचारणारी मुलगी तिथेच घुटमळत होती. तिने पाटी सावकाश वाचली, वर खिडकीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

वर, कुंडीशेजारी, दिवा लागला.

“आलं कुणीतरी,” बोग्ना म्हणाली.

“दिसतंय मला,” अपोलोनियाबाई म्हणाल्या. त्या उठल्या. पण लगेच खिडकीकडे गेल्या नाहीत. आधी आरशापाशी गेल्या आणि केस सारखे केले.