उपाशी निळा

दिवाळीपासून सुकदेव पाटील योगराजच्या मशीनवरच्या बिघडलेल्या ताग्यांना नुसते ‘खराब’ म्हणतात. बाकीच्या मशीनवरचे बिघडलेले तागे पूर्वीप्रमाणेच उपाशी, मेलेले, मळके किंवा रुसके असतात.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगते. रंगलेला तागा उत्तरेच्या खिडकीपाशी जातो आणि तिथल्या लाकडी खुर्चीवर बसलेले सुकदेवनाना तो नमुन्याशेजारी धरून बघतात. मी प्रयोगशाळेत असते. माझ्याकडे रंग मोजण्याचे यंत्र आहे. पण ते नमुन्याच्या तुकड्यांसाठी, आणि दिवसभर निघणाऱ्या इतक्या ताग्यांना ते पुरत नाही. ताग्यांचा निवाडा खुर्चीवर होतो.

नानांच्या शब्दांना मी सुरुवातीला लकब समजत असे. नंतर लक्षात आले की तो निदानाचा भाग आहे. रंग कमी प्यालेला तागा ‘उपाशी’. त्याला रंगाचे आणखी एक पाणी द्यायचे. पाणी फाजील तापून ज्याची चमक गेली तो ‘मेलेला’; त्याला गडद रंगात बुडवून दुसऱ्या कामी लावायचे. ‘मळका’ धुवायचा. एका कडेला गडद नि दुसऱ्या कडेला फिका असेल तो ‘रुसका’. त्याला मंद आचेवर पुन्हा फिरवायचे, म्हणजे समजूत काढायची. ज्याला काहीच उपाय नाही तो ‘खराब’, आणि खराब तागा चिंध्यांच्या ढिगात जातो. ढिगात गेलेला प्रत्येक तागा मशीन चालवणाऱ्याच्या नावावर चढतो.

योगराजच्या नावावर दिवाळीनंतर इतके चढले की मॅनेजर महेशभाईंनी त्याला महिनाअखेरीची मुदत दिली. सुधारणा झाली नाही तर त्याने दुसरीकडे काम बघावे.

योगराज नानांचा सख्खा भाचा. नंदुरबारकडच्या गावाहून नानांनीच त्याला सुरतेला आणला, मशीनवर उभा केला आणि आपली धनश्री त्याला द्यायची असे मनात धरले. मामाची मुलगी करायची ही त्यांच्याकडची चाल. योगराजने दिवाळीनंतर सुषमाशी लग्न केले. तीही पांडेसऱ्यातलीच, पण त्याने स्वतः पाहिलेली. त्यामुळे आमच्या खात्यात ‘खराब’चे कारण कोणाला शोधावे लागले नाही. मामा भाच्यावर सूड उगवतो आहे, हे चहावाल्यालाही माहीत होते.

योगराजलाही तसेच वाटत होते. एकदा नमुना द्यायला प्रयोगशाळेत आला तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “मामा माले शिक्षा देई ऱ्हायना, ताई. देऊ दे. पन त्यात ताग्यानी काय चुकी?”

मला हे स्पष्टीकरण फार सोयीचे वाटले, आणि सोयीच्या स्पष्टीकरणांबद्दल मला सवयीनेच संशय येतो. लग्नाला नाना पाहुण्यांना पंगतीत आग्रह करत फिरले होते. धनश्रीनेही नवरीच्या हातावर मेंदी काढली होती. सूड उगवणारा माणूस सहसा इतकी दमछाक करून घेत नाही.

एका रविवारी मंगलाबाईंनी मला भरीत आणि कळण्याची भाकरी खायला बोलावले. मंगलाबाई म्हणजे नानांच्या पत्नी. नानांनी पहिला घास घेतला आणि भरताची तपासणी सुरू केली. वांगे कडवट नाही, पण जून आहे. मिरची तिखट आहे, झणझणीत नाही. तेल जरा बेताबाहेर गेले आहे.

मंगलाबाई तव्यावरून नजर न काढता मला म्हणाल्या, “इतला शब्द शेतस यासनाजोडे. पन ‘बेस व्हयनं’ हाऊ एक शब्द काही माले आजलोंग भेटना नई.” ‘बेस व्हयनं’ म्हणजे छान झाले.

“बेस ऱ्हायनं तर मी गप खास,” नाना म्हणाले, म्हणजे चांगले असले की गप्प खातो. “तेच समजी ले.”

मंगलाबाईंनी त्यांच्या ताटात न विचारता आणखी भरीत वाढले. मग हसत मला सांगू लागल्या, की आता यांना म्हातारपणी थट्टाही सुचते. काल त्या निळी साडी नेसून निघाल्या, तर हे म्हणाले, ही हिरवी तुला शोभून दिसते.

नाना खाली बघून भाकरी मोडत राहिले.

त्या घरातून मी दोन गोष्टी घेऊन निघाले. नानांजवळचे वाइटाचे शब्द आटलेले नव्हते. चवीचा प्रश्न आला की ते धडधाकट होते. आणि निळी साडी.

सोमवारी मशीनखात्यात चौकशी केली. आमच्याकडे रंग बदलताना मशीन धुण्यात वेळ जाऊ नये म्हणून प्रत्येक मशीनला रंगांचे एक घराणे नेमून देतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर योगराजच्या मशीनला निळे घराणे मिळाले होते. शाळांच्या गणवेशांची मोठी मागणी होती. आकाशी, मोरपंखी, गर्द निळा, तेवढेच तिथे निघत होते. म्हणजे दिवाळीनंतर दोन गोष्टी बदलल्या होत्या, एक लग्न आणि दुसरी रंग, आणि आम्ही सर्वांनी लग्न निवडले होते, कारण त्याच्या गप्पा जास्त रंगतात.

दोन्ही वेगळ्या करणे अवघड नव्हते. त्याच आठवड्यात एका दुपारी मी काही बिघडलेले तागे मशीनची चिठ्ठी काढून खिडकीपाशी पाठवले. त्यांत योगराजच्या मशीनवर मुद्दाम काढून घेतलेले लाल होते आणि दुसऱ्यांच्या मशीनवर तसेच काढून घेतलेले निळे. लाल ताग्यांवर नानांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. उपाशी. मेलेला. उपाशी. निळा आला की ते उठून खिडकीला अगदी भिडून उभे राहत, कापड उजेडात धरत, डोळ्यांजवळ आणत, पुन्हा लांब नेत, आणि खुर्चीवर येऊन म्हणत, खराब.

सगळे तागे संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“चिठ्ठ्या कोनी काढ्यात? माले परीक्षाले बसाडं का, ताई?”

मी हो म्हटले. मग म्हटले की निळ्यातले बहुतेक तागे उपाशीच असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग निळ्यातला बिघाड नीट दिसत नसताना अंदाजाने उपाशी का म्हटले नाही? कोणाला कळले नसते, आणि योगराजही वाचला असता.

“नमुन्यापेक्षा बिघडेल शे, इतलं दिसस,” ते म्हणाले. “काय बिघडनं ते दिसत नई. उपाशी म्हनी दिधं नि तो मेलेल निंघना, तर दुसऱ्या पान्यात त्याचं पार वाटोळं. अंदाजानं औषध देवाले मी काय भोंदू शे?”

“मग डोळ्यांचं सांगितलं का नाही?”

त्यांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. लाकूड तिथे इतक्या वर्षांत गुळगुळीत झाले होते.

मग ते स्वतःच उठून महेशभाईंकडे गेले. जाताना योगराजला मशीनवरून बोलावून बरोबर घेतले. मी दारात होते. नानांनी टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “चुकी ताग्याची नई, योग्याची बी नई. मन्हा डोयासनी शे. याले काढू नका. काढनं व्हई तर माले काढा.”

महेशभाईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. मग गुजरातीत म्हणाले, “काका, बेसो तो खरा.” आधी बसा तर खरे.

कोणालाच काढले गेले नाही; नानांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत निळ्या ताग्यांसाठी योगराजने रोज काही वेळ खिडकीपाशी उभे राहावे असे ठरले. पहिल्या दिवशी त्याने एक आकाशी तागा नमुन्याशेजारी धरला आणि म्हणाला, “खराब शे, मामा.”

“खराब हाई काय नाव शे?” नाना खुर्चीवरून म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. “नीट दख. भूक लागेल शे का मरी गयेल शे?”

योगराजने पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले.

“भूक लागेल शे.”

“मंग खावाले दे त्याले.”

डॉक्टरांनी सांगितलेले कारण असे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यामुळे भिंग पिवळे पडले असून निळा प्रकाश त्यातून कमी पोचतो. म्हणून लालातले बारकावे शाबूत राहिले आणि निळ्यातले गेले. फरक आहे एवढे कळे, कोणता ते कळत नसे. जे दिसत नव्हते त्याला नानांनी नाव दिले नाही.