बाबांनी बंद न केलेली डिस्क

माझ्या बाबांना अर्धवट वापरलेली वस्तू टाकवत नसे. वहीची कोरी पानं फाडून ठेवायचे, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचे. कॅमेऱ्यातल्या कॅसेटवरचं घरचं शूटिंग ते रेकॉर्डर लावून डीव्हीडीवर उतरवायचे आणि तीच कॅसेट पुन्हा वापरायला घ्यायचे. डीव्हीडीसुद्धा गच्च भरल्याशिवाय ‘बंद’ करायची नाही, हा त्यांचा नियम. बंद करायची म्हणजे मशीनमधलं एक बटण दाबून तिच्यावर शिक्कामोर्तब करायचं, मग ती कुठेही चालते. या काटकसरीची आम्ही मनसोक्त थट्टा करायचो. त्या आठवड्यात तिनंच माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

चिमणी, माझी लेक, सकाळी उशाजवळच्या मोबाइलचा अलार्म वाजताच दचकून उठून बसली आणि तशीच आडवी झाली. डोळे उघडे, ओठ निळसर. मी तिला गदागदा हलवलं, तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला. पहिल्या डॉक्टरांनी ‘अशक्तपणा आहे, नीट खात नाही’ म्हणून आमची बोळवण केली. दुसऱ्या होत्या हृदयाच्या डॉक्टरबाई. त्यांनी चिमणीला दाखल करून घेतलं, छातीला वायरी लावल्या, माझा आणि नवऱ्याचाही कार्डिओग्राम काढला. आमचे दोघांचेही साफ आले.

“घरात कोणी लहान वयात अचानक गेलंय?” बाईंनी विचारलं.

“माझी ताई. शाळेत धावण्याच्या शर्यतीत पडली. ऊन लागलं, असं म्हणाले तेव्हा.”

“धावताना पडली, की पिस्तुलाचा बार झाल्या झाल्या?”

मी तिथेच होते, मैदानाच्या दोरीपाशी. पण मी केवढीशी! ताईला पडलेली पाहून मी घाबरून मटकन खाली बसले, एवढंच मला आठवतं. तेही खरं आठवतं की घरात सतत ऐकून आठवतं, देव जाणे.

“बार ऐकून पडली असेल, तर हृदयाच्या विजेतला दोष असू शकतो, आणि तो घराण्यातून येतो,” बाई म्हणाल्या. “मोठ्या आवाजानं ठोका चुकतो. धावताना पडली असेल तर दोष वेगळा आणि औषधंही वेगळी. अंदाजानं देऊन चालणार नाही. तिला आज पुन्हा झटका आला तर काय, याची मला भीती आहे. त्या शर्यतीचं कोणी शूटिंग केलं होतं का?”

बाबांनी केलं होतं. बाबा आता नव्हते, पण त्यांच्या डिस्क आईकडे होत्या.

नवऱ्याला चिमणीजवळ बसवून मी गाडी काढली आणि आईच्या घरी गेले. धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन आधीच हजर होता. जगातल्या प्रत्येक विषयातलं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत असल्यामुळे त्याला आम्ही पंडित म्हणतो. कपाटातून डीव्हीड्यांचा खोका काढला. बाबांच्या वळणदार अक्षरात वाढदिवस, सहली, पंडितचं जावळ उतरवलेलं टक्कल, सगळं होतं. एक डिस्क घालून पाहिली तर ती सरळ कॉम्प्युटरवर उतरली. शर्यतीची मात्र खोक्यात नव्हती. आईनं ती आतून आणून दिली, आमच्याकडे न बघता, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पंडितनं डिस्क सरकवली. लॅपटॉप घरघरला आणि पडद्यावर चौकट आली: डिस्क रिकामी आहे, वापरण्यासाठी तयार करायची का?

मी चौकट दोनदा वाचली.

“होय म्हणून बघतो,” पंडित म्हणाला. “कधी कधी त्यानं सुरू होतं.”

“हात लावशील तर बघ!” मी त्याचं मनगट असं पकडलं की तो कळवळला. “तयार करायची म्हणजे पुसायची, शहाण्या!”

तो वरमला. मी डिस्क बाहेर काढली, उजेडात धरली. आतल्या बाजूला एक गडद कडं दिसत होतं, म्हणजे काहीतरी नक्की होतं. पण कॉम्प्युटर ‘रिकामी’वर अडून बसला होता. मला बाबांचा राग आला, पंडितचा आला, त्या शाळेचा आला. चिमणी तिकडे पडली आहे आणि आम्ही इथे तबकडी न्याहाळतोय.

“रिकामी कशी असेल?” दारातून आई म्हणाली. “परवाच तर पाहिली मी.”

आम्ही दोघंही तिच्याकडे बघतच राहिलो. ती डिस्क ताई गेल्यापासून कोणी लावलीच नाही, अशी आमची खात्री होती.

“माझ्या खोलीत. यांच्या त्या मशीनवर,” ती म्हणाली. “तुम्ही कोणी नसलात की लावते.”

तिच्या खोलीत बाबांचा रेकॉर्डर होता, छोट्या डबा टीव्हीला जोडलेला, वर स्वच्छ रुमाल. आता माझ्या डोक्यात उजेड पडला. या डिस्कवर अर्धी जागा शिल्लक होती आणि ताईनंतर बाबांनी कॅमेरा हातात धरलाच नाही. म्हणून ती बंद करायची राहिली. ज्यानं ती भरली, ते मशीनच फक्त तिला ओळखत होतं.

पंडितनं टीव्हीवर चालू डिस्कचंच मोबाइलनं शूटिंग केलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. पिस्तुलाच्या बाराचा आवाज आला तशी डोळे घट्ट मिटून घेतले. डॉक्टरबाईंचा निरोप लगेच आला: नुसते पट्टे फिरताहेत, बारानंतर ती धावली की नाही ते कळत नाही, कोणाच्या सांगण्यावर औषध देता येणार नाही, मूळ चित्र पाठवा.

“आता ही बंद करावी लागेल,” पंडित म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात पंडिती नव्हती. “पण मशीन म्हातारं झालंय. मध्येच अडलं तर डिस्क कायमची जाईल. मग टीव्हीवरही दिसणार नाही.”

मी आईकडे बघू शकले नाही. तिच्याजवळ चालतीबोलती ताई एवढीच होती. मी माझ्या लेकीसाठी तिच्याकडे तिची लेक मागत होते, आणि नाही म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडलेही असते.

आईनं रिमोट घेतला. “कुठलं बटण?”

पंडितनं दाखवलं. तिनं दाबलं.

मशीन कण्हायला लागलं. टीव्हीवरचा टक्क्यांचा आकडा थोडा सरकला, मग थांबला. आतून कचकच ऐकू आली, मग तीही बंद झाली. पंडित वायरीला हात लावायला गेला, मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. वीज जाईल, रस्त्यावर कोणी खोदकाम करेल, काय वाट्टेल ते माझ्या मनात येत होतं. आई पलंगाच्या कडेवर रिमोट छातीशी धरून बसली होती. पुन्हा कचकच झाली. आकडा सरकला. तबक बाहेर आलं, तेव्हा तिघांपैकी कोणालाच पुढे व्हायचा धीर होईना.

कॉम्प्युटरनं या वेळी डिस्क ओळखली. फाइल उतरताना एका चऱ्यापाशी बराच वेळ अडली, मग उतरली. पंडितनं ती डॉक्टरबाईंना पाठवली आणि लॅपटॉपवर लावली. मी आता पळून जाणार नव्हते.

मैदान दिसलं. रेषेवर वाकलेल्या मुली, मधे ताई, घट्ट वेण्या.

“ही दोरी कुठून आली?” आई म्हणाली.

“कुठली?”

“ही कडेची. टीव्हीत नाही दिसत ही.”

“जुने टीव्ही चारही बाजूंनी चित्र थोडं कापायचे,” पंडित म्हणाला. “हे अख्खं आहे.”

बार झाला. मुली सुटल्या. ताई सुटलीच नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग गुडघ्यांतून मोडली. बाबा ओरडले, कॅमेरा हलला, सगळे तिकडे धावले. धावताना नाही. बार ऐकून. मला हवं होतं ते उत्तर मिळालं आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली.

“मागे घे,” आई म्हणाली.

“पुरे गं आई.”

“घे म्हणते ना.”

ती ताईकडे बघत नव्हती. ताई तिला पाठ होती. तिचं बोट पडद्याच्या अगदी कडेला होतं, दोरीपाशी. तिथे फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातलेली एक छोटी मुलगी होती. बार झाला तशी तिची मान कलंडली आणि ती दोरीवर दुमडली, वाळत घातलेल्या कपड्यासारखी. हात लोंबत होते. मग ती घसरून खाली बसली, गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“तू ताईला बघून नाही बसलीस,” आई म्हणाली. “ताई तर अजून उभी आहे.”

तिनं पंडितला तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं. मग ती हळूच म्हणाली, “एवढी वर्षं मी एकीलाच बघत बसले गं.”

फोन हातात थरथरला. त्याचा आवाज मी चिमणी पडली त्या दिवशीच बंद केला होता. डॉक्टरबाई होत्या.

“बार ऐकूनच पडलीय. औषध सुरू केलं, लेकीची काळजी करू नका. पण ती दोरीपाशी छोटी कोण?”

“मी.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“कार्डिओग्राम साफ असला तरी दोष असू शकतो,” बाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता इकडे या, तुम्हालाही दाखल व्हायचंय. आणि हे बघा, गाडी तुम्ही चालवू नका.”