चौदा मिलिमीटर

“शून्य लिहा हो, रावमास्तर,” म्हणत कोरगप्पाने बाही वर सारली. टेबलावर पांढरे पापुद्रे सांडले. मी खुर्ची मागे घेतली.

उडुपीच्या या तपासणी केंद्रात मी जन्म काढला. कोरगप्पा पूजारी समोरच्या कापडदुकानात साड्या उलगडून दाखवायचा. गिऱ्हाइकं त्याच्या हातची साडी घेईनात, तेव्हा मालकाने त्याला गोदामात बसवलं. सोरायसिस लागट नसतो, हे मी पुस्तकांत कितीदा तरी वाचलं आहे. तरी त्या दिवशी मी एकावर एक दोन हातमोजे चढवले होते.

तीन दिवसांपूर्वी त्याच्या हातात क्षयजंतूंचा निर्जीव अर्क टोचला होता. शरीरातल्या पहारेकरी पेशींना क्षयाची जुनी ओळख असली, की तिथे गाठ धरते. हेच पहारेकरी बिथरून त्याच्या स्वतःच्या कातडीवर तुटून पडत होते. नवं इंजेक्शन त्यांना आवरणार होतं. पण ते आवरले, की छातीत निजलेला क्षय उठायची भीती. म्हणून गाठ आली तर आधी महिनाभर गोळ्या, मग इंजेक्शन.

“गाठ आहे, कोरगप्पा.”

“असू दे की! क्षय अम्माला होता, मला कुठे? सहा आठवड्यांवर माझ्या शशिकलाचं लग्न आलंय. आज सुई सुरू झाली तर तोवर हात साफ होतील.”

“आणि क्षय उठला तर?”

“अहो मारायरे, लग्नानंतर उठू दे! नवऱ्याची आत्या म्हणते, कन्यादानाच्या धारेची गिंडी मामानेच धरावी. बापाच्या हातचं पाणी पडलं तर पोरीलाही खवले येतील म्हणे.”

“असं तोंडावर बोलली?”

“माझ्याच घरची कोंबडी चापताना!”

मला त्या बाईची किळस आली. गाठीची कड बोटाने चाचपायची असते. मी मात्र दोन्ही बाजूंनी पेनची रेघ ओढत नेली, पेन अडलं तिथे थांबलो, मधलं अंतर मोजलं. बोट लावलंच नाही. चौदा मिलिमीटर. तेच लिहिलं.

कोरगप्पाने बाही खाली केली. हाताने टेबलावरचे पापुद्रे गोळा करून खिशात घातले आणि तो गेला. गाठ खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती माझ्याबद्दल.

लग्नाला गेलो. मामाने तोटीची पितळी गिंडी धरली. वधूवरांच्या जुळलेल्या हातांवर पाण्याची धार पडू लागली. वडीलधारी माणसं एकेक करून गिंडीला हात लावत होती. कोरगप्पा मांडवाच्या खांबापाशी, शालीत हात लपवून उभा.

“रावमास्तर, या ना, तुम्हीही हात लावा!” आत्याबाई गोड हसत म्हणाल्या.

नाही म्हणायला हवं होतं. मी गेलो आणि हात लावला. शशिकला माझ्याकडे बघतच नव्हती. ती खांबाकडे बघत होती.

निघताना कोरगप्पा नारळ घेऊन दाराशी आला. मी घाईघाईने दोन्ही हात पुढे केले. उघडे.

त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग नारळ बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि मला तो उचलता यावा म्हणून दोन पावलं मागे सरकला.