तिसरा शेरा

भागिरथा अंभोरेच्या हातांबद्दल आसेगावात कोणाचं दुमत नव्हतं. बाळंतिणीचं अंग चोळावं तर भागिरथानंच, कंबरेत उसण भरली तर तिलाच बोलवावं, आणि किरकिरं पोर तिच्या मांडीवर आलं की मुकाट्यानं तेल लावून घेणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तीस वर्षं तिनं हे केलं. बहुतेक घरी मागच्या दारानं आत जायचं, न्हाणीत बसायचं, तेलाची वाटी मागायची आणि काम झालं की मागच्याच दारानं बाहेर पडायचं. त्या दाराचा तिला राग यायचा. पण राग काढत बसण्यापेक्षा हात चालवलेले बरे, असा तिचा हिशेब होता.

म्हणून वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिनं मंगरूळपीरच्या केंद्रात मसाज थेरपीच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा गावाला हसायला विषय मिळाला. जिला सगळं येतं ती आता काय शिकणार? तिचा नवरा देवमन तेवढा हसला नाही. तो बाजार समितीत हमाली करायचा. फॉर्म भरायला तो कामाचा खाडा करून सोबत गेला, आणि तिच्या आठवीच्या मार्कशीटच्या चार झेरॉक्स काढून चार ठिकाणी ठेवल्या. वाशीमच्या एका दवाखान्यात कोर्स केलेल्या बाईची जागा निघणार होती. पांढरा कोट घालून समोरच्या दारानं आत जायचं. भागिरथाला पगारापेक्षा त्या दाराचंच अप्रूप जास्त होतं.

चार महिने वर्ग झाले आणि मग प्रत्यक्ष रुग्णांवर काम सुरू झालं. हिरव्या पडद्यांआड सहा टेबलं, आणि प्रत्येक विद्यार्थिनीनं साठ रुग्ण पुरे करायचे. देखरेखीला निता मॅडम. अकोल्याच्या, तिशीही न गाठलेल्या, आवाज मऊ, पण नियमांच्या बाबतीत अशा, की खाष्टातल्या खाष्ट सासूनं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. बांगड्या काढा. नखं दाखवा. मोबाईल कपाटात. रुग्णाला विचारल्याशिवाय अंगाला हात नाही. चोळायचा तेवढाच भाग उघडा, बाकी सगळा चादरीखाली. इथलं बोलणं बाहेर गेलं नाही पाहिजे. आणि कोर्स संपेपर्यंत केंद्राबाहेर कोणालाही उपचार द्यायचा नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. नियम मोडला की वहीत लाल शेरा. तीन शेरे झाले की ही तुकडी सुटली, पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्या रुग्णापासून सुरुवात.

भागिरथानं पहिल्याच आठवड्यात दोन शेरे मिळवले. एका बाईच्या मानेला तिनं न विचारता हात घातला, तो पहिला. दुसरा मिळाला एका रिटायर मास्तरमुळे. "तुमचा गुडघा आठ दिवसात पयाले लावतो," असं ती त्यांना सांगून बसली.

"मॅडम, मी त्यायले धीर देला," ती म्हणाली.

"धीर द्या, भागिरथाताई. हमी देऊ नका."

ती दोन दिवस फुगून होती. विशीतल्या पोरींसमोर बोलणी खायची म्हणजे काय! त्यात त्या दोन पानी कागदाचा तिला भारी वैताग. रुग्ण आला की आधी तो भरायचा. कोणती गोळी चालू आहे, ऑपरेशन झालं का, लांबचा प्रवास केला का, मालिश घेतली का. "हात लावला का समजते मले. हे पुरान कायले?" असं ती पोरींजवळ बोलायची, आणि तरीही कागद भरायची, कारण वाशीमची जागा डोळ्यांसमोर होती. असे तिनं एकही नवा शेरा न घेता सत्तावन्न रुग्ण पुरे केले. तीन राहिले. देवमननं तर बाजार समितीत आधीच सांगून टाकलं होतं की आमच्या मंडळी आता दवाखान्यात लागणार.

आणि मग तो रविवार आला. सकाळीच तांड्यावरचा गुलाबसिंग मोटारसायकल घेऊन तिच्या दारात उभा. त्याची आई हिरीबाई पुण्याला धाकट्याकडे गेली होती, ती आठवड्यापूर्वी परतली. तेव्हापासून तिची डावी पोटरी दुखत होती. भागिरथा नाही म्हणू शकत होती. नाही म्हणायला हवंच होतं. पण हिरीबाईचं घर हे त्या पंचक्रोशीतलं असं घर, जिथं तिला पहिल्या दिवसापासून समोरच्या दारानं घेतलं, घरच्यांच्याच कपात चहा दिला. हिरीबाईच्या तिन्ही सुनांची बाळंतपणं तिच्याच हाताखालून गेलेली. तिचा पाय दुखतो आणि आपण नियम सांगायचा?

ती गेली. गरम तिळाच्या तेलानं तिनं ती पोटरी अर्धा तास चांगली जोर लावून चोळली. पोटरी काही सैल झाली नाही. तिच्या हातांना ते खटकलं, पण तोवर चोळून झालं होतं.

"कोनाले सांगू नका बाई," निघताना ती म्हणाली. "मले मनाई हाय. समजलं तर माह्यं सारं जाते."

"मी कायले सांगतो?" हिरीबाई म्हणाली.

मंगळवारी केंद्रात अठ्ठावन्नावा रुग्ण म्हणून पडद्याआड आली ती हिरीबाईच. मागे गुलाबसिंग. दुखणं वाढलं होतं, आणि मंगरूळपीरला शेकायचं मशीनही असेल अन् भागिरथाही असेल, असा विचार करून त्यानं आईला आणलं होतं. शेजारच्या टेबलापाशी निता मॅडम उभ्या होत्या. तिनं गुलाबसिंगला बाहेर बसवलं आणि कागद पुढे ओढला.

"लांबचा प्रवास केला काय इतक्यात?"

"पुन्याहून आली ना ट्रॅव्हल्सनं. चौदा घंटे पाय लोंबवून बसली. मधात उठूच देलं नाई मेल्या ड्रायव्हरनं."

भागिरथाचं पेन थांबलं. रविवारी तिनं हे विचारलं नव्हतं. तीस वर्षांत कोणालाच कधी विचारलं नव्हतं.

"हात लावू काय, बाई?"

हिरीबाई हसली. "तू कवापासून इचारून राह्यली?"

भागिरथानं टेप घेतली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी तीन सेंटीमीटरनं जास्त. मग तिनं हाताची मागची बाजू अलगद टेकवून पाहिली. डावी पोटरी गरम होती. निता मॅडमनी वर्गात एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. तासन्तास बसून प्रवास, एकाच पायाला सूज, पाय गरम, असा रुग्ण आला तर चोळायचं नाही. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. माणूस बोलता बोलता जातो. तेव्हा भागिरथानं ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि विसरून गेली होती.

आपण रविवारी काय केलं ते तिला आता समजलं. ज्या हातांचा तिला आयुष्यभर गर्व वाटला त्या हातांची तिला भीती वाटली.

पुढचा प्रश्न छापलेला होताच. "इतक्यात कोठी मालिश घेतली काय?"

"नाई वो," हिरीबाई म्हणाली. शेजारच्या पडद्यापर्यंत जावं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली. "कोठीच नाई. कोनीच हात लावला नाई." आणि तिनं भागिरथाकडे पाहून डोळा मिचकावला. दिलेला शब्द पाळल्याचं समाधान त्या सुरकुतलेल्या तोंडावर मावत नव्हतं.

भागिरथा त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिली. "नाही" लिहिलं तरी चालणार होतं. सूज आहे, पाय गरम आहे, एवढ्यावर मॅडम हिला डॉक्टरकडे पाठवणारच. अजून तीन रुग्ण, मग वाशीम. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी सांगणार नव्हतं. पण डॉक्टर नुसता पाय बघून थांबला तर? चोळलाय हे त्याला कोण सांगणार? टेबलावर पडलेली ही म्हातारी विश्वासानं खोटं बोलली होती, आणि त्या खोट्याची किंमत तिलाच मोजावी लागणार होती.

तिनं लिहिलं: हो. रविवारी, डावी पोटरी, अर्धा तास, खूप जोरात. खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

"काय लिवून राह्यली एवढं?" हिरीबाईनं विचारलं.

"खरं," भागिरथा म्हणाली. "तुमी हालू नका. पाय दाबू नका, कोनाले दाबू देऊ नका." मग पडदा बाजूला करून तिनं हाक मारली, "मॅडम, या. मी हिले हात लावत नाई."

बाहेरून गुलाबसिंग उठून आला. "काहून? एवढ्या दुरून आनलं, आता नखरे करतं काय? रविवारी तर..." आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

"रविवारी मी चुकली, गुलाबसिंगभाऊ," भागिरथा सगळ्या पोरींच्या देखत म्हणाली. "आज नाई चुकत. गाडी पाहा. मोटारसायकलवर नाई बसवायचं बाईले."

निता मॅडमनी कागद वाचला. एकदा भागिरथाकडे पाहिलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. पुढचं भरभर झालं. गाडी आली, हिरीबाईला झोपवून वाशीमला नेलं, कागद सोबत गेला. तिथल्या डॉक्टरनं पायाची सोनोग्राफी केली आणि गुठळी सापडली. पण पाय चोळलाय हे वाचून तो पायावर थांबला नाही, त्यानं छातीचं सीटी स्कॅनही करायला लावलं. एक बारीक गुठळी फुफ्फुसापर्यंत गेलेली होती. वेळेत इंजेक्शनं सुरू झाली म्हणून निभावलं, असं त्यानं मॅडमना फोनवर सांगितलं. ती कशानं सरकली हे त्यानं सांगितलं नाही आणि भागिरथानं विचारलं नाही. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते ती जन्मभर बाळगणार होती.

दुपारी मॅडमनी वही काढली. लाल पेनचं टोपण उघडलं आणि पुन्हा बसवलं.

"भागिरथाताई, तुम्ही स्वतःहून लिहिलंत. मी वरती बोलून बघते. हे एवढं सोडून देता येईल."

पोरी आपापल्या टेबलांच्या चादरी घड्या करत होत्या आणि कान इकडे होते. भागिरथाला वाशीमचा तो दवाखाना दिसला, त्याचं काचेचं दार दिसलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, सगळा स्वतःचा.

"नाई मॅडम," ती म्हणाली. "लिहा. मले सोडलं तर उद्या ह्या पोरी कायले भितीन? नियम काहून हाय थे मले आज समजलं. त्याच्यात माह्यासाठी भोक पाडू नका."

मॅडमनी लिहिलं. मग उठून त्या पलीकडच्या खिडकीपाशी गेल्या.

स्टँडवर देवमन आसेगावच्या बसची वाट पाहत थांबला होता. भागिरथानं त्याला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रविवारचं, कागदाचं, शेऱ्याचं.

"म्हंजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"अन् वाशीमची जागा?"

"गेली."

देवमननं दोन चहा सांगितले. चहावाला दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर डोळा ठेवून होता, त्यालाच धरून देवमन बोलायला लागला. "भाऊ, हे माही बायको. हिच्या हातून चूक झाली होती, कोनाले मालूम नव्हती. हिनं सोताच्या हातानं लिहून देली. म्हनून एक म्हतारी वाचली आज." चहावाल्यानं मान हलवली आणि साखर किती म्हणून विचारलं. देवमनचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यानं बाजूच्या बाकावरच्या दोघांनाही तेच सांगितलं, आणि बस आल्यावर कंडक्टरलाही. भागिरथा पदरानं तोंड झाकून हसत होती आणि डोळे पुसत होती.

पुढची तुकडी जूनमध्ये आली. नव्या पोरी, नवे कोट, आणि ओळीत सगळ्यांत शेवटी भागिरथा, केस आणखी पिकलेले, पाठ ताठ. मॅडमनी नियम वाचून दाखवले. मधल्या सुट्टीत साक्षी नावाची एक मुलगी, जऊळक्याहून रोज गाडीनं येणारी, तिच्याजवळ सरकली.

"काकू, तुमी मागच्या टायमाले नापास झाल्या होत्या काय?"

आजूबाजूच्या पोरींनी साक्षीला कोपर मारलं. भागिरथाला वाईट वाटलं नाही. तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं, कारण हे एकीला सांगून भागणारं नव्हतं.

"सत्तावन्न पेशंट झाले होते माहे," ती म्हणाली. "अठ्ठावन्नावी हिरीबाई. तिले एक डाव चोरून हात लावला, म्हनून मी पुन्हा अथी हावो. दुसऱ्या डावाले नाई लावला, म्हनून थे जित्ती हाय."